विंगेत थांबलेला माणूस

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या हॉलमध्ये आवडत्या कलाकारांवर सभासदांनी भाषणं केली. त्यातल्या एका भाषणाचा हा मजकूर, थोडी काटछाट करून.)



लतादीदी, पु. ल., दिलीपकुमार ही मोठी माणसं आधीच्या वक्त्यांनी वाटून घेतली म्हणून माझ्या वाट्याला एक गोरा साहेब आला, असं कृपया समजू नका. हे नाव मीच कमिटीला दिलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, इयान होम म्हणजे कोण हो?" मी म्हटलं, तुमच्या मुलाला विचारा, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला म्हातारा बिल्बो कोणी केलाय. संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "हां, तो होय! चेहरा ओळखीचा आहे." या माणसाचं आयुष्यभर हेच झालं. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणाला आठवत नाही. त्यातून त्या आडनावात 'एल' लिहायचा, पण म्हणायचा नाही.

जन्म १२ सप्टेंबर १९३१. लंडनजवळ गुडमेज म्हणून गाव, तेव्हा ते एसेक्स परगण्यात होतं, तिथला. वडील डॉक्टर, तिथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. आई नर्स. घरात नाटकाचं वातावरण वगैरे काही नाही. पुढे हेन्री बेंटन नावाच्या एका जुन्या शेक्सपियरवाल्या नटाची गाठ पडली, त्याने तयारी करून घेतली आणि पोरगा लंडनच्या राडा या नाट्यशाळेत दाखल झाला. मध्ये सक्तीची लष्करी नोकरी झाली. १९५४ साली स्ट्रॅटफर्डला, म्हणजे शेक्सपियरच्या गावीच, नोकरी लागली. काम काय? भाला घेऊन मागे उभं राहायचं. बँकेत आम्हीही आधी लेजर उचलायलाच लागलो होतो, त्यामुळे मला हे वाचून बरं वाटलं.

माणूस बुटका. राजाचं काम द्यावं असा देह नव्हता. पण १९६४ साली, शेक्सपियरच्या ४००व्या जयंतीच्या वर्षी, स्ट्रॅटफर्डला त्याच्या ऐतिहासिक नाटकांची सगळी माळ लागली, तेव्हा राजपुत्र हॅल, पाचवा हेन्री आणि तिसरा रिचर्ड ही कामं ह्यानेच केली. पुढच्या वर्षी हॅरॉल्ड पिंटरच्या 'द होमकमिंग'मध्ये लेनी केला, ते नाटक न्यूयॉर्कला गेलं आणि १९६७ साली टोनी पुरस्कार घेऊन आला. इथपर्यंत सगळं प्रमोशन वेळेवर मिळत गेलेल्या माणसासारखं.

आता १९७६. लंडनचं ऑल्डविच थिएटर, यूजीन ओनीलचं 'द आइसमन कमेथ' हे चार तासांचं नाटक. त्यात हिकी नावाचा फिरता विक्रेता आहे आणि शेवटी त्याचं एक प्रचंड लांब भाषण आहे. हिकी होता इयान होम. शुभारंभाच्या आधी प्रेक्षकांना बोलावून जे प्रयोग करतात, त्यातल्या एका प्रयोगात तो अडकला. बावीस वर्षांचा अनुभव, तिसरा रिचर्ड कोळून प्यायलेला माणूस, आणि तो रंगमंच सोडून आत मेकअपच्या खोलीत निघून गेला. पुन्हा बाहेर येणं त्याला जमलं नाही. काम दुसऱ्या नटाला द्यावं लागलं.

वय पंचेचाळीससुद्धा नव्हतं. त्यानंतर, एखादा अपवाद सोडला तर, १९९३ पर्यंत तो नाटकात उभा राहिला नाही. मंडळी, सतरा वर्षं.

मी हा माणूस का निवडला, ते आता सांगतो. आमच्या शाखेत माझा निरोप समारंभ होता. मी चार पानं लिहून पाठ केली होती. माइकसमोर उभा राहिलो आणि पहिला शब्द आला नाही. दुसराही नाही. समोर सत्तर-ऐंशी ओळखीची माणसं, आणि माझ्या पायांतलं बळ गेलं. "धन्यवाद" म्हणून मी खाली बसलो. सगळे म्हणाले, साहेब भावुक झाले. मी भावुक वगैरे काही झालो नव्हतो, मी घाबरलो होतो. हे घरात फक्त हिला माहीत होतं, आज तुम्हाला सांगतोय. गेली पंधरा वर्षं मी ना गणपतीत माइक धरला, ना एजीएममध्ये उभा राहून प्रश्न विचारला. सेक्रेटरींना माझी इतकी लेखी पत्रं का येतात, त्याचं कारण हे आहे. त्यांचा समज होता की मी भांडकुदळ आहे.

असो. तर, लॉरेन्स ऑलिव्हिएसारख्या नटालाही साठीच्या उंबरठ्यावर ह्या भीतीने गाठलं होतं. तो स्वतः नॅशनल थिएटरचा प्रमुख, पण सोबतच्या नटांना सांगायचा की माझ्या डोळ्यांत बघू नका. तो तशा अवस्थेत रोज रेटत राहिला. होमने वेगळा मार्ग धरला, तो कॅमेऱ्यासमोर गेला. ह्याला कुणी पळ काढणं म्हणेल. मी म्हणणार नाही. घर चालवायचं होतं, आणि काम तर तेच होतं. फक्त चुकलं तर पुन्हा घेता येतं.

१९७९ साली 'एलियन' आला. त्यात तो यानावरचा शास्त्रज्ञ आहे, आणि तो माणूस नसून यंत्र आहे हे मध्येच उघड होतं. तोवर आपल्याला शंका येत नाही, पण नंतर पुन्हा पाहिलं तर कळतं की सुरुवातीपासून तो जरा जास्तच शांत उभा होता. नातवंडांना घेऊन बघू नका, रात्री झोपत नाहीत. त्यांना 'रॅटटूइ' दाखवा, त्यातल्या त्या चिडक्या बुटक्या आचाऱ्याचा आवाज ह्याचाच आहे.

माझं खरं प्रेम १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर'वर. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट. हॅरॉल्ड अब्राहम्स हा धावपटू आणि त्याचा प्रशिक्षक सॅम मुसाबिनी. पैसे घेऊन शिकवणाऱ्या माणसाला तेव्हाचे साहेबलोक कमी लेखत, म्हणून मुसाबिनी स्टेडियममध्ये जात नाही. जवळच्या हॉटेलच्या खोलीत बसून राहतो. १०० मीटरची शर्यत होते, ती त्याला दिसत नाही. मग बाहेर इंग्लंडच्या राष्ट्रगीताचे सूर ऐकू येतात आणि खिडकीतून झेंडा वर चढताना दिसतो. पोरगा जिंकला! तो काय करतो? हातातल्या गवती टोपीत मूठ घालून ती फाडतो. आणि पलंगावर बसतो. बस्स. टाळ्या घ्यायच्या ठिकाणी दुसरा आहे, हा बाहेर, आणि आतलं सगळं ह्याला नुसतं कानावर पडतंय. त्या वेळी हा माणूस स्वतः पाच वर्षं रंगमंचाबाहेर होता. दिग्दर्शकाच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही, पण मला तो प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने पाहताच येत नाही. त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार मिळाला जॉन गिलगुडला, 'आर्थर'साठी. गिलगुड 'चॅरियट्स'मध्येही होता, ही आणखी गंमत.

मग १९९३. पिंटरने नवं नाटक लिहिलं, 'मूनलाइट'. उत्तर लंडनमधलं आल्मेडा नावाचं लहानसं थिएटर. भूमिका अँडीची, मरणाला टेकलेल्या, बायकोवर चिडचिड करणाऱ्या म्हाताऱ्याची, आणि हा म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे. बघा, जुन्या ओळखीचा लेखक, छोटं घर, आणि झोपून करायचं काम! ज्याला उभं राहायची भीती वाटते, त्याला खाटेवरून परत आणलं.

आणि चार वर्षांनी, १९९७ साली, नॅशनल थिएटरमध्ये 'किंग लिअर'. दिग्दर्शक रिचर्ड आयर. तीन नाट्यगृहांपैकी सगळ्यांत लहान जे कॉट्स्लो, तिथे, प्रेक्षक अगदी पुढ्यात. लिअर म्हणजे आपल्याला काही परका नाही. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मागे तोच म्हातारा उभा आहे आणि डॉ. लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर आपण पाहिलेत. हयातीत वाटणी करू नका, नॉमिनेशन करा, हे आम्ही बँकेत खातेदारांना घसा कोरडा करून सांगत असू. लिअरला सांगणारं कुणी नव्हतं. बीबीसीने त्या नाटकाचं नंतर चित्रीकरण केलं, ते मी पाहिलंय. होमचा लिअर डोंगराएवढा नाही. तो घरातला एक हेकेखोर, भडक डोक्याचा, लहान चणीचा बाप आहे आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. वादळाच्या प्रवेशात तो अंगावरचे सगळे कपडे काढतो. पासष्ट वर्षांचा माणूस, समोरच माणसं बसलेली, आणि अंगावर चिंधी नाही. एकवीस वर्षांपूर्वी ज्याला कपडे घालूनही बाहेर येता आलं नव्हतं, तोच हा! पुढच्या वर्षी ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, आणि 'सर' ही पदवीही.

बाकीचं थोडक्यात. चार लग्नं, पाच मुलं. नेपोलियन तीन वेळा केला, बुटकेपणाचा तेवढा फायदा. 'रिंग्ज'चा बिल्बो २००१ चा, पण त्याआधी वीस वर्षं बीबीसी रेडिओवर त्याच कथेतला फ्रोडोही ह्यानेच केला होता. 'हॉबिट'च्या वेळी न्यूझीलंडपर्यंत प्रवास झेपणारा नव्हता, तेव्हा त्याचे प्रसंग लंडनमध्ये चित्रित केले. पार्किन्सनचा त्रास होता. १९ जून २०२० रोजी, करोनाच्या दिवसांत, ८८व्या वर्षी तो गेला. तेव्हा आपण सगळे आपापल्या विंगेत कोंडलेले होतो आणि मी ही बातमी मोबाइलवर वाचली.

माझी चार पानं आजही खिशात होती. काढावी लागली नाहीत. आता त्या टोपीचा प्रसंग पडद्यावर दाखवतो, दोन-तीन मिनिटांचाच आहे. मागचे दिवे कुणीतरी बंद करा. आणि चहावाल्याला सांगा, जरा थांब म्हणावं.