पैलवान आणि त्याचा शौकीन

पैलवानाविषयी बोलणारे पुष्कळ आढळतात. त्याची मेहनत, त्याचा खुराक, त्याला मिळालेली गदा, हे विषय सर्वांच्या आवडीचे. परंतु ज्याच्या वर्गणीवर आणि टाळीवर हा सारा व्यवहार चालतो, त्या आखाड्याच्या काठावर बसलेल्या माणसाविषयी सहसा कोणी चार शब्द बोलत नाही. हा माणूस म्हणजे कुस्तीचा शौकीन. त्याने स्वतः कधी लंगोट कसला असेल वा नसेलही. पण कुस्तीविषयी त्याची मते ठाम असतात. ती मते कशी बनतात, त्यांपैकी कोणती रास्त आणि कोणती अविचाराची, ह्याचा विचार खानदेशापुरता जरी केला तरी खेळाडू आणि लोक ह्यांच्या नात्याविषयी बरेच काही उमगते.

जळगाव आणि धुळे ह्या दोन्ही जिल्ह्यांत गावची यात्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल ही ठरलेलीच. चैत्र-वैशाखात शेते मोकळी झालेली असतात, आखाजीच्या सुमारास माणसे घरी आलेली असतात, आणि गावातील पंचमंडळी घरोघर फिरून वर्गणी गोळा करतात. आरंभी लहान मुलांच्या जोडी लागतात. त्यांना नारळ किंवा थोडे पैसे मिळतात. ऊन उतरू लागते तसतशी इनामाची रक्कम वाढत जाते आणि शेवटची मोठी कुस्ती दिवस मावळता मावळता सुटते. जिंकलेला पैलवान अंगावरच्या मातीसह काठाकाठाने फेरी मारतो. बसलेले लोक त्याच्या हातात नोटा ठेवतात. त्यांत कापसाच्या पट्टीतले पैसे असतात, मजुरीचे असतात, केळीच्या बागाइतदाराचेही असतात. नाटकाचे तिकीट आधी काढावे लागते. येथे मात्र खेळ पाहून मन संतोषले तर पैसे द्यावयाचे. म्हणून शौकिनाला आपल्या मताचा अधिकार वाटतो, आणि तो काही अगदीच खोटा नव्हे.

ह्या अधिकाराच्या पोटी शौकिनाची पहिली मागणी एकच असते : कुस्ती निकाली व्हावी. चितपट झाल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. दोघे मल्ल एकमेकांच्या मानेवर हात ठेवून अर्धा तास झुलत राहिले आणि शेवटी पंचांनी जोड बरोबरीत सोडवली, की काठावर कुजबुज सुरू होते. आतून ठरवून खेळलेल्या लढतीला नुरा कुस्ती म्हणतात, आणि हा शब्द शौकिनाच्या तोंडी शिवीसारखा येतो. हरणाऱ्याला तो क्षमा करील; न लढणाऱ्याला करणार नाही.

ही वृत्ती केवळ खानदेशची नव्हे. १९१० साली गामा पैलवान लंडनला गेला, तेव्हा पोलंडचा झ्बिश्को हा मल्ल त्याच्यासमोर अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा लढण्याचे ठरले असता झ्बिश्को आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळा येथे तीच जोड पुन्हा लागली आणि गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. लंडनचे अडीच तास आणि पतियाळाचे एक मिनिट ह्यांत लोकांनी काय जतन केले, हे सांगावयास नको.

खानदेशाच्या पदरीही असा एक निकालाविना संपलेला प्रसंग आहे. महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ पासून सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९६२ साली, ही स्पर्धा धुळ्यास झाली व भगवान मोरे विजयी झाले. १९६६ साली ती जळगावास झाली. तेथे दीनानाथ सिंह ह्यांनी किताब मिळवला. परंतु १९७७ साली चाळीसगावास भरलेल्या स्पर्धेत निकाल लागला नाही, आणि त्या वर्षाच्या रकान्यात कोणाचेच नाव आले नाही. यजमान गावाला ह्याहून मोठी रुखरुख कोणती असणार?

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. ठरवून खेळलेल्या कुस्तीचा एवढा तिटकारा असेल, तर धंदेवाईक कुस्तीचे खेळ पाहावयास लोक का जातात? १९५० नंतरच्या दशकात मुंबईस वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारा सिंग आणि किंग काँग ह्यांच्या फ्रीस्टाइल लढतींना अलोट गर्दी लोटत असे. आज दूरचित्रवाणीवरील अमेरिकन कुस्त्या खेडोपाडीची मुले डोळे विस्फारून पाहतात. त्या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. १९८९ साली त्या धंद्यातील मोठ्या मंडळीनेच न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे तो करमणुकीचा कार्यक्रम असल्याचे मान्य केले.

जाणत्या शौकिनाचे ह्यावरील उत्तर मोठे मार्मिक असते. तमाशाच्या वगातला राजा खरा राजा नसतो, म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. सोंग आहे हे सांगून केलेले सोंग ही कला होय, आणि त्या मल्लांच्या अंगी कसरतीचे कसब असते हेही तो नाकारीत नाही. परंतु मातीला हात लावून, सलामी देऊन, खऱ्या लढतीच्या नावाखाली जे सोंग केले जाते, ती फसवणूक होय. दोष खोटेपणात नसून दिलेला शब्द मोडण्यात आहे. हा भेद शौकिनाला कोणी शाळेत शिकविलेला नसतो. यात्रेच्या मातीने तो त्याला शिकविलेला असतो.

आता नात्याची दुसरी बाजू पाहावी. लोक जसे मागतात तसे देतातही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला निघाले, तेव्हा प्रवासाच्या खर्चाची सोय नव्हती. गोळेश्वर-कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. शंभराहून अधिक बैलगाड्यांची त्यांची मिरवणूक निघाली. परंतु मिरवणुकीहून मोठी गोष्ट ही, की खाशाबांनी पुढे कुस्त्यांचे सामने भरवून गहाणाचे ते ऋण फेडले. लोकांनी विश्वास दिला आणि मल्लाने तो हिशेबासह परत केला.

खानदेशाला असा अभिमान दिला तो चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी ह्यांनी. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगरला, २०१५ साली नागपूरला आणि २०१६ साली पुण्याला असे सलग तीन वेळा ते महाराष्ट्र केसरी झाले. अखेरच्या वर्षी त्यांनी अभिजित कटके ह्यांना नमविले, आणि त्याच कटके ह्यांनी पुढल्या वर्षी किताब मिळविला. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे ही कुस्तीची पेठ मानली जाते. त्या पेठेत गिरणाकाठच्या तालुक्यातील एका मल्लाने तीन वर्षे कोणाला शिरू दिले नाही, ह्याचे अप्रूप खानदेशाला अद्याप आहे. चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले आणि २०२३ साली कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशामक क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. नोकरी लागल्यावर मल्ल मातीला विसरतो, हा शौकिनांचा एक लाडका आक्षेप. त्याला ह्याहून चोख उत्तर नाही.

मल्लाचे नाते आणि सांघिक खेळाचे नाते ह्यांत मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. तो पाहण्यासाठी कोल्हापुरास जावे. कारण तेथे कुस्तीच्या तालमींच्याच नावाने फुटबॉलचे संघ खेळतात. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावे तेथील शाहू स्टेडियममध्ये सामन्याच्या दिवशी हजारो कंठांतून निघतात. पेठेत जन्मलेले मूल चालावयास लागण्यापूर्वीच एका संघाचे होते. खेळाडू येतात आणि जातात, संघ राहतो. हा जिव्हाळा कधी मर्यादाही सोडतो. समर्थकांत हाणामारी होते, दगड येतात, पोलिसांना मध्ये पडावे लागते, आणि ज्या खेळासाठी हे प्रेम तोच खेळ थांबतो.

फुटबॉलच्या जगात प्रेमाचा असा विपर्यास फार दूरवर गेलेला आहे. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच मेदेयिन शहरात त्याची गोळ्या घालून हत्या झाली. १९९५ च्या जानेवारीत मँचेस्टर युनायटेडच्या एरिक कँटोनाने शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकावर मैदानाबाहेर झेप घेऊन लाथ मारली आणि सुमारे आठ महिने त्याला खेळता आले नाही. एका ठिकाणी खेळाडू आपला गुलाम आहे असे लोकांना वाटले. दुसऱ्या ठिकाणी लोकांच्या अविचाराला खेळाडूनेही अविचारानेच उत्तर दिले.

ह्याउलट एक उदाहरण मुंबईतच घडले. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला पाच शून्य असे हरविले, आणि पाहावयास होते अवघे २५६९ लोक. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री ह्याने लोकांना हात जोडून विनविले, की आमच्यावर टीका करा, शिव्याही द्या, पण मैदानात या. दोन दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची, म्हणजे छेत्रीच्या शंभराव्या सामन्याची, सारी तिकिटे संपली. भारत तीन शून्य असा जिंकला. त्यांतील दोन गोल छेत्रीचे. रिकाम्या मैदानावर मिळविलेला विजय खेळाडूलाही पुरा वाटत नाही, हे त्याने न लाजता सांगितले, म्हणून लोक आले.

फुटबॉलपटू पडला तर त्याच्या पाठीशी संघ असतो, पेठ असते, झेंडा असतो. पैलवान पडला तर तो एकटा पडतो. त्याच्या बाजूला दहा साथीदार नसतात. एका चुकीचा दोष वाटून घ्यावयास कोणी नसते. वर्षानुवर्षे बाप दुधातुपाचा, बदामाचा खर्च काढतो. कित्येकदा शेताचा तुकडा त्यात जातो. गुडघा निखळला की इनाम बंद, आणि नोकरी लागेलच असे नाही. म्हणून कुस्तीच्या शौकिनावर फुटबॉलच्या समर्थकाहून अधिक जबाबदारी येते.

ही जबाबदारी अलीकडे ढिली झाल्याची चिन्हे दिसतात. २०२३ च्या जानेवारीत पुण्यास झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड ह्यांच्या लढतीत एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून वाद पेटला आणि पंचाला दूरध्वनीवरून धमकी देण्यापर्यंत गोष्ट गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला निकाल अमान्य करून शिवराज राक्षे ह्यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम लढत महेंद्र गायकवाड ह्यांनी अर्धवट सोडली. पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरले, आणि राक्षे व गायकवाड ह्या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचाकडून चूक होऊ शकते, आणि तिची दाद मागण्याची रीत स्वच्छ व तत्पर असलीच पाहिजे. परंतु हातातल्या भ्रमणध्वनीवर एकच क्षण पन्नास वेळा मागेपुढे करून पाहणाऱ्याने, तो क्षण एकदाच पाहणाऱ्या पंचाच्या जिवावर उठावे, ह्याला शौक म्हणता येत नाही. सिकंदर शेख ह्यांनी २०२३ च्याच नोव्हेंबरात फुलगावला अर्ध्या मिनिटाच्या आत अंतिम कुस्ती जिंकून किताब मिळविला. धमकी देणाऱ्याने जे साधले नाही, ते मल्लाने मातीतल्या आपल्या हातांनी साधले.

खानदेशच्या जुन्या दंगलीत एक रीत पाळली जात असे आणि अनेक गावी ती अजून टिकून आहे. जोड बरोबरीत सुटली तर इनाम दोघांत अर्धे अर्धे वाटतात. आणि हरलेला मल्ल तोडीस तोड लढला असेल तर त्याच्याही हातावर कोणी ना कोणी काही ठेवतो. ती रक्कम मोठी नसते. तिच्यामुळे त्याला परतीचे भाडे मिळते, आणि पुढल्या यात्रेला येण्याचे धैर्यही मिळते. २०२० च्या जानेवारीत पुण्यास हर्षवर्धन सदगीर महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्यांनी पराभूत शैलेश शेळके ह्यांना खांद्यावर उचलून घेतले. जिंकणाऱ्याने केलेली ती त्याच रीतीची राखण होय.

शौकिनाने मत द्यावे, कडक द्यावे. निकाल मागावा, नुरा कुस्तीला नावे ठेवावी. तो त्याचा हक्कच आहे. परंतु तो हक्क जिंकलेल्याच्या हातात नोट ठेवून पुरा होत नाही. हरलेला मल्ल अंगावरची माती झटकीत एकटा काठाकडे येतो, तेव्हा त्याला वाट करून देणारा आणि त्याच्या पाठीवर हात ठेवणारा जोवर काठावर आहे, तोवर खानदेशातल्या बापांना आपली मुले आखाड्यात पाठविण्याची भीती वाटणार नाही.