मनीऑर्डरीचा उलटा हिशेब



अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. कामगारांची पगारपत्रके वाचता वाचता शिकलो. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातल्या घराघरांचा एक हिशेब मांडतो.

रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरीवर जगतो, असे वर्षानुवर्षे म्हटले गेले. 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली, पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातले हजारो गडी गिरणगावात गेले. पोस्टमन पैसे आणी, तेव्हा मुंबई कोकणाला पोसते असे वाटणे साहजिक होते. पण जमेबरोबर खर्चही पाहावयास हवा. गिरणीत जाणारा जवान लहानाचा मोठा केला कोणी? गावाने. आजारी पडला, म्हातारा झाला, की तो जाई कोठे? गावालाच. मुंबईत तो एका खोलीत दहा-वीस जणांबरोबर राही, खानावळीत जेवी. मालकाने मजुरी दिली ती जेमतेम एका पोटाची. बाकीची पोटे आपल्या आयाबायांनी भात लावून, सरपण वाहून भरली. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, तेव्हाही कित्येक कुटुंबे गावच्या कणगीवरच तगली.

मग मजुरी असावी तरी किती? 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून माप ठरविले. नवरा, बायको व दोन मुले मिळून तीन माणसांचा आहार धरावा. मोठ्या माणसास रोज 2,700 उष्मांक, माणशी वर्षाला 18 वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेंसाठी मजुरीतले 20 टक्के. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य व म्हातारपण यांसाठी 25 टक्के धरावयास सांगितले. गाव जे फुकट देत आले, ते न्यायालयाने मजुरीत मोजले! 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेने देशभराचे तळवेतन ठरविण्याचे काम केंद्र सरकारकडे दिले आहे. त्या आकड्यात काय धरले आणि काय वगळले, एवढे आपण विचारलेच पाहिजे.

पण सरकारला विचारण्याआधी थोडे घरात पाहू. आज आपल्या हापूसच्या बागा नेपाळी गडी राखतात. आपल्या मच्छीमार होड्यांवर नेपाळी खलाशी आहेत. त्यांची बायकामुले तिकडे डोंगरातल्या शेतावर राबतात, आणि हे इथून मोबाईलवर पैसे पाठवितात. आपण म्हणतो, “एवढे त्याला गावी पुष्कळ होतात.” गिरणीमालकाचाही हिशेब याहून वेगळा नव्हता.

बागायतदार म्हणतील, अवकाळी पाऊस, फवारणीचा खर्च, दलालाने पाडलेला भाव, यांतून आमच्याच हाती काय उरते? त्यांची अडचण खरी आहे. त्यासाठी दलालीशी भांडावे, पीकविम्यासाठी भांडावे. आमची संघटना बरोबर येईल. मात्र तो तोटा नेपाळातल्या एखाद्या बाईच्या शेतातून भरून काढू नये.

या हंगामाचा जमाखर्च मांडताना राखणदाराच्या मजुरीशेजारी ते 1957 चे माप ठेवून पाहा. उरलेली तूट कोण भरते, हे कोकणच्या माणसाला कोणी शिकवावयास नको.