इतिहासाची आवड कोठून सुरू होते?

(धामणगाव रेल्वे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



इतिहासाची आवड ग्रंथालयात जन्मते, असा आपला समज असतो. माझा अनुभव निराळा आहे. आपल्या गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ हा शब्द का, हा प्रश्न मी आठव्या-नवव्या वर्षी आजोबांना विचारला. ते गाडीवान, यवतमाळकडचा कापूस येथल्या स्टेशनावर आणून टाकीत. ते म्हणाले, “कापसासाठी गाडी आली, अन् गाडीपायी हे गाव वाढलं.”

शाळेत मात्र १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, हे एका धड्यात होते. आणि त्याच वर्षी निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला, हे दुसऱ्या धड्यात. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे कोणी सुचविले नाही. पुढे वाचनात आले की, त्याच वर्षी डलहौसीने रेल्वेविषयी लिहिलेल्या टिपणात इंग्लंडला हव्या असलेल्या हिंदी कापसाचा उल्लेख आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा येथील भाव आकाशाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला. आजोबांच्या एका वाक्याचा अर्थ उलगडावयास मला वीस वर्षे लागली.

परंतु तोवर आजोबा राहिले नव्हते. एका खेपेला भाडे किती मिळे, वाटेत मुक्काम कोठे पडे, बैल मेला तर नुकसान कोणाच्या माथी बसे, हे मी कधी विचारलेच नाही. करारांची कागदपत्रे दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत. गाडीवानाचा हिशेब त्याच्याबरोबर गेला. या हानीला जबाबदार मी आहे, आणि ती भरून निघणारी नाही.

म्हणून आपणांस एकच सांगणे आहे. मुलांना सनावळ्या जरूर शिकवा. पण त्याआधी त्यांना घरातल्या आजीपाशी बसवा. कापूस वेचणीची मजुरी तिला काय मिळे, जिनिंगमध्ये पाळी किती तासांची असे, हे मुलांनी विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. आपल्या घरच्या माणसांचे कष्ट हाही इतिहासच आहे, हे ज्या मुलाला कळले, त्याची जिज्ञासा जन्मभर विझत नाही. राजांची चरित्रे तो पुढे वाचीलच; पण वाचताना विचारील की, यांच्या वैभवाचा भार कोणी वाहिला?