लांब केसांच्या मांजराची निगा
(पशुपालकांसाठी आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



मांजर हा आपली स्वच्छता आपणच राखणारा प्राणी आहे, असा आपल्याकडे पूर्वापार समज आहे, आणि गावठी मांजराच्या बाबतीत तो बव्हंशी खराही आहे. सोप्यावर ऊन खात बसलेली मांजरी अंग चाटीत असते, तेव्हा ती केवळ वेळ घालवीत नसते. तिच्या जिभेवर मागच्या बाजूस वळलेले, नखासारखे कठीण असे शेकडो बारीक काटे असतात. या काट्यांची टोके पन्हळीप्रमाणे पोकळ असून त्यांत लाळ भरून राहते व ती केसांच्या मुळापर्यंत पोचविली जाते, असे अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. जीभ हीच मांजराची फणी आणि जीभ हाच त्याचा स्नानाचा तांब्या होय.

परंतु याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसून आली. पर्शियन मांजराच्या केसांचा थर इतका जाड असतो, की तो दाबला गेला तरी जिभेचे काटे कातडीपर्यंत पोचू शकत नाहीत. आजच्या विषयाचे मर्म या एका गोष्टीत आहे. केस माणसाने हौसेने वाढविले; जीभ मात्र होती तेवढीच राहिली. या दोहोंमध्ये जी उणीव पडली, ती भरून काढण्याचे काम पाळणाऱ्याच्या हातांकडे येते.

हे केस कसे वाढले याचा इतिहास थोडक्यात असा. इराणच्या खुरासान प्रांतातील रेशमी, लांब केसांच्या मांजरांचे वर्णन पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून ठेवले आहे. हाच प्रवासी पुढे १६२३ साली आपल्या गोव्यातही येऊन गेला. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यानंतर अशा मांजरांची निवडक पैदास करण्याची हौस वाढीस लागली. पिढ्यान्‌पिढ्या दाट केस व चपटे नाक यांचीच निवड होत गेली. जे मांजर आज आपल्याकडे भेट म्हणून दिले-घेतले जाते, ते असा लोकरी अंगरखा घालून कोकणपट्टीच्या दमट हवेत उतरते. जून ते सप्टेंबर या काळात गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. दोरीवरचे कपडे जेथे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेथे या अंगरख्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येईल.

लांब केसांच्या मांजराच्या अंगावर वरचे लांब केस व आतली मऊ लव असे दोन थर असतात. गळालेली लव खाली न पडता वरच्या केसांत अडकते आणि तिचा गुंता होतो. आरंभी हा गुंता बोराएवढा असतो. दुर्लक्ष झाल्यास त्याची जट बनते. कानांच्या मागे, काखेत, पोटाखाली, जांघेत व शेपटीच्या खाली जटा प्रथम धरतात. जट कातडीला सतत ओढ देते, तिच्याखाली हवा पोचत नाही, ओल साचते, पिसवांना आसरा मिळतो आणि कातडीला व्रण पडतात. असे मांजर हात लावू देत नाही, गुरगुरते, कोपऱ्यात बसून राहते. घरची मंडळी म्हणतात, मांजर तापट झाले. वस्तुतः ते वेदनेने हैराण झालेले असते.

यावरील उपाय साधा आहे, पण तो रोज करावा लागतो. रुंद दातांची धातूची फणी आणि दुसरी बारीक दातांची फणी, एवढेच साहित्य पुरे. मांजर निवांत असताना त्यास मांडीवर घ्यावे व प्रथम रुंद फणीने, नंतर बारीक फणीने, केसांचे एकेक पदर अलग करून मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. केवळ पाठीवरून फणी फिरविणे म्हणजे वरवरची मलमपट्टी होय. पोट, काखा व मांड्या यांकडे विशेष लक्ष द्यावे. गुंता आढळल्यास कातडीलगतचे केस दोन बोटांत धरावेत, म्हणजे ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडा थोडा गुंता सोडवीत यावे. त्यावर मक्याचे पीठ किंचित भुरभुरल्यास केस सुटण्यास मदत होते. पिल्लू लहान असतानाच ही सवय लावली, तर पुढे दहा-पंधरा मिनिटांत काम उरकते.

जट घट्ट झाली असेल, तर कात्री मुळीच हाती घेऊ नये. मांजराची त्वचा पातळ व सैल असते. जटेबरोबर ती वर उचलली जाते आणि केस कापताना कातडीच कापली जाते. अशा वेळी पशुवैद्याकडे जावे. तेथे यंत्राने, आणि आवश्यक तर गुंगीचे औषध देऊन, जटा सुरक्षितपणे काढल्या जातात. तसेच गुंता न सोडविता आंघोळ घालू नये, कारण पाण्याने तो अधिकच आवळतो. आंघोळ क्वचितच, कोमट पाण्याने व मांजरासाठीच बनविलेल्या शाम्पूने घालावी आणि अंग मुळापर्यंत कोरडे करावे. वरून कोरडे, आतून ओले असे मांजर बुरशीला आमंत्रणच देते.

पावसाळ्यात एका गोष्टीची दक्षता फार महत्त्वाची आहे. पातळ जुलाब झाल्यावर लांब केसांच्या मांजराच्या मागच्या बाजूस विष्ठा चिकटून राहते. त्यावर माशा अंडी घालतात आणि एका दिवसाच्या आत अळ्या पडू शकतात. केसांच्या आड हे वरून दिसत नाही. दुर्गंधी येऊ लागते तेव्हाच ध्यानात येते, आणि तोवर जखम खोल गेलेली असते. शेपटीखालचा भाग रोज पाहावा, खराब झाल्यास धुऊन पुसावा, व तेथील केस पशुवैद्याकडून आखूड करून घ्यावेत.

दुसरी गोष्ट अशी, की मांजराच्या अंगावर जे लागते ते शेवटी त्याच्या पोटात जाते, कारण ते अंग चाटते. गिळलेल्या केसांचा गोळा कधीमधी ओकून पडणे स्वाभाविक आहे. परंतु वारंवार ओकारी, अन्न वर्ज्य करणे किंवा शौचास न होणे ही आतड्यात अडथळा झाल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी घशात बळजबरीने तेल ओतू नये. ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर मांजर चालू देऊ नये. कापराचे तेल वा अन्य सुगंधी तेले त्याच्या अंगास चोळू नयेत. विशेषतः कुत्र्यांच्या पिसवा व गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरावर कधीही वापरू नयेत. माणसाचे वा कुत्र्याचे शरीर जी द्रव्ये निकामी करू शकते, त्यांतील अनेक मांजराच्या यकृताला झेपत नाहीत. त्याच कारणाने पॅरासिटामोलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. औषध कोणतेही असो, ते पशुवैद्यास विचारूनच द्यावे.

शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे गजकर्ण. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीमुळे होणारा हा रोग मांजरापासून मुलांना होतो. लांब केसांच्या मांजराच्या अंगावर ही बुरशी असूनही मांजर वरकरणी निरोगी दिसू शकते. एखाद्या मुलाच्या अंगावर गोल, खाजरे चट्टे उठले किंवा डोक्यावरचे केस एका जागी गळू लागले, तर घरी मांजर आहे काय, हे पालकांना विचारावे. दुकानातून मिळणारी स्टिरॉइडमिश्रित मलमे परस्पर लावल्यास खाज तात्पुरती थांबते, पण रोग पसरतो व ओळखू येईनासा होतो. मुलाला डॉक्टरांकडे व मांजराला पशुवैद्याकडे एकाच वेळी नेणे हाच खरा मार्ग. बुरशीचे बीजाणू गळालेल्या केसांवर वर्षभरही टिकून राहू शकतात, म्हणून गाद्या, चटया व फण्या स्वच्छ करणे हाही उपचाराचाच भाग होय. त्या मुलाची हेटाळणी होणार नाही, हे पाहणे मात्र शाळेचे काम आहे.

मांजराच्या विष्ठेची रेती रोज साफ करावी. टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची अंडी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. दररोज सफाई केल्यास हा धोका पुष्कळच टळतो. गरोदर स्त्रियांनी हे काम दुसऱ्यांकडे सोपवावे. चपट्या नाकाच्या मांजराचे डोळे सतत पाझरतात. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने, प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा बोळा घेऊन ते पुसावेत. घरात राहणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस देणे आवश्यक आहे.

आता शेवटचा, पण सर्वांत कळीचा मुद्दा. वाढदिवसाला हौसेने आणलेले मांजर जटा धरू लागले, केस गाळू लागले, की काही जण त्यास बाजारात वा देवळाच्या आवारात सोडून येतात. गावठी मांजर उघड्यावर कसेबसे तग धरते. लांब केसांचे मांजर एका पावसाळ्यात जटांनी, बुरशीने व अळ्यांनी जर्जर होते. सबळ कारणावाचून प्राण्यास उपासमार वा तहान यांच्या तोंडी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक हा शेवटचा उपाय. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण म्हणतो. पाळणाऱ्याने मात्र डोळे मिटून मांजर घेऊ नये. घरात रोज पंधरा मिनिटे देणारे कोणी आहे काय, पावसाळ्यात कोरडी जागा आहे काय, पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच लांब केसांचे मांजर आणावे. नसतील, तर दारी येणारे गावठी मांजर पाळावे. तेही तितकीच माया लावते, आणि आपली फणी आपल्याच तोंडात घेऊन येते.

ज्याच्या हौसेपायी हे केस वाढले, त्यानेच ते विंचरले पाहिजेत. एवढे भान प्रत्येक घराने ठेवले, तर मुके जनावर सुखी राहील आणि घरातील मुलेबाळेही निरोगी राहतील.