रातपाळी आणि डबा



मांजरीतले आपल्यापैकी कित्येकजण रातपाळी करतात. अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन स्रवते. अमेरिकेतील लर्नर यांनी ते १९५८ साली वेगळे केले. रक्तातून ते सर्वत्र फिरते, पण त्याचा निरोप कळतो तो एमटी-१ व एमटी-२ हे ग्राही असलेल्या पेशींनाच; कुलपाला किल्ली लागावी तसा. मेंदूतील घड्याळाच्या पेशी त्याने शांत होतात. स्वादुपिंडात मात्र इन्सुलिन कमी सुटते. मध्यरात्री भरपेट जेवल्यास साखर चढते, त्याचे हेही एक कारण. एमटी-२च्या जनुकातील एका फरकाचा मधुमेहाशी संबंध २००९ मध्ये दिसून आला. तेव्हा डबा पाळीपूर्वीच खावा, रात्री हलकेच घ्यावे. माझे वडील मध्यरात्रीच जेवत. दिवसा ते झोपले की आम्ही भावंडे खिडक्या सताड उघडून दंगा करीत असू.