घरगुती प्रक्षेपक आणि शिक्षकांचे कर्तव्य



बिहारमधील वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर नावाचे खेडे आहे. तेथील रेडिओदुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने अत्यल्प खर्चात घरगुती प्रक्षेपक सिद्ध केला आणि बांबूवर एरियल चढवून गाणी व गावोगावच्या वार्ता प्रसृत केल्या. पंचक्रोशी कान देऊन ऐकू लागली. परंतु यासाठी परवाना लागतो, हे त्यास ठाऊक नव्हते. २००६ साली ते केंद्र बंद करण्यात आले.

त्या तरुणाच्या बुद्धीत न्यून नव्हते. उणीव होती ती वेळेवर सांगणाऱ्या जाणत्या माणसाची. खेड्यात असा माणूस म्हणजे प्राथमिक शिक्षकच होय.

प्रक्षेपकाची रचना मुलांना मोह पडावा इतकी सोपी असते. मायक्रोफोन ध्वनीचे विद्युत्स्पंदांत रूपांतर करतो. तारेचे वेटोळे, संधारित्र व ट्रान्झिस्टर यांच्या योगे अतिजलद आंदोलने उत्पन्न होतात आणि त्यांवर आरूढ होऊन ध्वनी दूरवर जातो. तथापि, वेटोळे किंचित ताणले किंवा भाग तापले, तरी ही आंदोलने आपली जागा सोडतात. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्याच्या पुढेच विमानवाहतुकीचा पट्टा सुरू होतो. सदोष यंत्रामुळे वैमानिकास मिळणाऱ्या संदेशांत व्यत्यय येऊ शकतो.

पाटाचे पाणी सर्वांचे, म्हणूनच ते पाळीने घ्यावे लागते. जो तो मनास येईल तेथे पाट फोडील, तर शेवटच्या शेतास थेंबही मिळणार नाही. ध्वनिलहरी वाहून नेणारे रेडिओतरंगही असेच सार्वजनिक धन आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. १८८५ व १९३३ च्या कायद्यांनी यावर नियंत्रण घातले. त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ साली दूरसंचार अधिनियम झाला. विनापरवाना प्रक्षेपण करणाऱ्याचे साहित्य जप्त होऊ शकते, त्यास दंड वा कारावासही होऊ शकतो. ‘गंमत म्हणून केले’ ही सबब तेथे उपयोगी पडत नाही.

एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील, “गुरुजी, उषा मेहतांनी १९४२ साली मुंबईत गुप्त रेडिओ चालविलाच ना?” प्रश्न टाळू नये. तो लढा परकीय सत्तेशी होता. परिणाम जाणून त्यांनी तो पत्करला आणि चार वर्षांची शिक्षा भोगली. आज लोकांनीच निवडलेले शासन आहे व परवान्याची वाट खुली आहे, हा भेद मुलांना समजावून द्यावा.

त्या वाटाही दाखवाव्यात. रेडिओग्राहक बनविण्यास व ऐकण्यास आज परवान्याची अडचण नाही. आरंभ तेथून करावा. शाळेत मायक्रोफोन व ध्वनिवर्धक तारेने जोडून मुलांचे वार्तापत्र चालविता येते. बारा वर्षांवरील मुलांना परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळविता येतो. संस्थांसाठी सामुदायिक रेडिओची सोय आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ वाहिनी २००८ सालापासूनचे त्याचे उदाहरण आहे.

उद्या एखादा मुलगा तारा गुंडाळलेली पेटी घेऊन वर्गात येईल. ती हिसकावून घेऊ नये, आणि केवळ शाबासकी देऊनही थांबू नये. त्यास जवळ बसवावे, यंत्र समजून घ्यावे आणि कायदाही समजावून सांगावा. मुलाची जिज्ञासा जपणे आणि त्यास संकटापासून वाचविणे, ही दोन्ही कर्तव्ये शिक्षकाने एकाच वेळी पार पाडावयाची आहेत.