गॅरेजची खोली करण्याआधी
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील मनोगत)



आपण इथं प्लॉट घेतले तेव्हा आष्टीत ग्रामपंचायत होती आणि गल्लीत चारचाकी क्वचितच दिसायची. आता घरं भरली, आईवडिलांना जिना चढवेना. मग नजर जाते मागच्या गॅरेजकडं.

मीही आईसाठी तेच ठरवलं होतं. मिस्त्री म्हणाला, "शटर काढू, भिंत घालू, आठ दिवसांत खोली!" इंजिनिअरनं टेप लावला अन् थांबवलं.

२०२० साली आलेली राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली नगरपंचायतीलाही लागू आहे. मागच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत गॅरेजला मुभा आहे, पण २.४ मीटर उंचीपर्यंत आणि गाडीपुरतीच. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची लागते. छत उचललं तरी सुटत नाही. खोली चटई क्षेत्रात धरली जाते आणि गाडीची जागा जाते. विनापरवाना केलं, तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली पाडण्याची नोटीस येऊ शकते.

शेवटी हॉलमध्येच पार्टिशन घालून आईची सोय केली. एका रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ॲम्ब्युलन्स थेट दारात आली, कारण गल्लीत एकही गाडी उभी नव्हती. गॅरेज गाडीसाठी का ठेवायचं, ते मला तेव्हा कळलं.

म्हणून विनंती एवढीच: हातोडा मारण्याआधी मंजूर नकाशा काढा, इंजिनिअरला दाखवा, सोसायटीला सांगा, नगरपंचायतीची परवानगी घ्या. खोली महिनाभर उशिरा झाली तरी चालेल.